या आठवड्याची चाल

खुर्ची फरशीवर ओढली की नुसत्या आवाजावरून खोली केवढी ते कळतं.

कोमट पाण्यात प्लास्टर लवकर धरतं. घाई असेल तर कोमट पाणी, विचार करायचा असेल तर गार.

एका बाईने शिवणयंत्राच्या ठेक्यावर अख्खं गाणं म्हटलं आहे. मध्येच दोरा तुटतो. ती थांबते, सुई ओवते, तेही सगळं ऐकू येतं, आणि मग पुढचं कडवं.

लिफ्टचं दार पहिल्यांदा कधीच लागत नाही. आधी नाही म्हणतं, मग हो.

"जुनं गाणं आणणाऱ्याने कप विसळायचे."

गाण्याला चाल असते. माणसाला चाल असते. बुद्धिबळातल्या घोड्यालाही असते, पण त्याचं इथे काम नाही.

"डोळे मीट आणि सांग."

*

इथे म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, कृत्रिम पाय बनवतात त्या कार्यशाळेत. तीन खोल्या. पहिल्या खोलीत काउंटर आणि वाट बघणाऱ्यांची बाकं. मधल्या खोलीत प्लास्टरचे साचे, बादल्या, आणि कितीही पुसली तरी पांढरी राहणारी जमीन. मागची खोली लांबलचक. तिच्यात भिंतीलगत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाकडाची पोकळ वाट बांधलेली. एका बाजूला धरायला दांडी, दुसऱ्या बाजूला भिंत. तिला सगळे फळी म्हणतात.

नवा पाय बसवला की माणूस पहिल्यांदा फळीवर चालतो. आणि फळीच्या टोकाला उभी असते ती. येणारे लोक तिला चालवाली म्हणतात. चालवाली आधी बघते. मग माणसाला म्हणते, "आता परत या." आणि डोळे मिटून घेते.

"डोळ्यांना दया येते," असं ती म्हणायची. "कानाला येत नाही."

टाच उशिरा टेकते का, पाय लांब झालाय का, माणूस चांगल्या पायावर जास्त भार टाकतोय का, हे तिला लाकडाच्या आवाजावरून कळायचं. मग ती तिथूनच ओरडून सांगायची आणि आतून पाना घेऊन ठेक्या यायचा.

ठेक्या पाय जुळवायचा. स्क्रू ढिले करायचा, आवळायचा, आणि या सगळ्यात हाताला जे लागेल त्यावर ताल धरायचा. टेबलावर, बादलीवर, समोरच्या माणसाच्या नव्याकोऱ्या नडगीवर. एकदा शोकसभेत सगळे स्तब्ध उभे असताना त्याच्या बोटांनी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर सुरुवात केली होती. नंतर म्हणाला, "गेलेल्या माणसाला आवडलं असतं." कुणी त्याच्याशी वाद घातला नाही, कारण ते खरं होतं.

मधल्या खोलीत मामा. प्लास्टरचे साचे घेणारा. चालवालीचा सख्खा मामा, म्हणून सगळ्यांचाच मामा. आणि पुढे काउंटरवर बसणारी मुलगी, जिला सगळे काउंटर म्हणत. तिचं यावर म्हणणं, "टेबल नाही म्हणालात, हेच खूप."

एवढी चार माणसं.

*

शनिवारी अर्धा दिवस. शेवटचा माणूस लिफ्टच्या दाराशी भांडून खाली गेला की काउंटर पुढचं दार लावून घ्यायची. मधल्या खोलीत चार खुर्च्या गोलात. एक छोटा स्पीकर, उलट्या बादलीवर. प्रत्येकाने एक गाणं आणायचं. गाणं याच आठवड्यात बाहेर आलेलं हवं. कुणाचं आहे ते आधी सांगायचं नाही. ऐकून झाल्यावर जागा सांगायची. म्हणजे गाण्यात जिथे आपलं काहीतरी होतं, ती.

हे सगळं ठेक्याने ठरवलेलं. जुनं गाणं का नको, यावर त्याचं भाषण तयार असायचं. "जुन्या गाण्याला आपण आधीच हो म्हणून बसलेलो असतो. त्यात ऐकायचं काय राहिलं? नवं गाणं आलं की घाबरायला होतं. आवडेल का, कळेल का. ते पाहिजे."

"मला या वयात घाबरायला नको," मामा म्हणायचा. पण दर शनिवारी केस विंचरून यायचा.

एकदा मामाने विचारलं, स्पीकर बादलीवर कशाला, मागे फळीवर ठेवू, पोकळ लाकूड आहे, छान घुमेल. ठेक्या खुर्चीतून उठलाच. "फळीवर गाणं वाजवायचं नाही. तिथे आपला कामाचा कान लागतो. कामाचा कान लागला की ही बया म्हणेल, गायकाची टाच उशिरा पडतेय."

चालवालीने त्याला प्लास्टरचा खडा फेकून मारला.

ठेक्या आणायचा ती गाणी ऐकवत नसत, असं काउंटरचं मत. त्याला साध्या वाद्यांचा कंटाळा आलेला. शिवणयंत्रवालं त्यानेच आणलेलं. एकदा त्याने लिफ्टच्या दारांचं गाणं आणलं. म्हणजे खरंच, कुणीतरी वेगवेगळ्या इमारतींमधल्या लिफ्टची दारं उघडताना-मिटताना रेकॉर्ड करून त्यावर बासरी वाजवली होती.

"हे गाणं नाही," मामा म्हणाला. "ही सोसायटीच्या सेक्रेटरीकडे द्यायची तक्रार आहे."

"मामा, जागा सांगा."

"जागा काय सांगू? दार उघडतं ती."

"अगदी बरोबर!" ठेक्या ओरडला. "मलाही तीच!"

मामा चिडला, कारण आपल्याला ती खरंच आवडली होती हे त्याला तेव्हा कळलं.

चालवाली बहुतेक वेळा शेवटी बोलायची. तिची आणि ठेक्याची जागा क्वचितच एक यायची. आली की दोघं एकमेकांकडे न बघता कप उचलायची. काउंटर ते बघायची आणि फोनमध्ये काहीतरी शोधत असल्याचं नाटक करायची.

घरी चालवालीची आई म्हणायची, "शनिवारी तुझ्या कपाळावर आठी नसते. काय देतात तिथे?"

"गाणी देतात."

"आणि स्थळांचं विचारलं की म्हणतेस, ठेका जुळत नाही."

यावर चालवाली आंघोळीला जायची. वेळ कुठलीही असो.

*

मग ठेक्या गेला. दुसऱ्या शहरात पावलं बनवायचा मोठा कारखाना होता. लवचीक पावलं, पळता येतील अशी. तिथे वर्षभर शिकायचं आणि परत यायचं, असं ठरलेलं. निघताना तो तिच्यासमोर पिशवी घेऊन उभा राहिला. तिला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. त्यालाही बहुधा तसंच वाटत होतं, की ही बोलेल.

"चपलेचा अंगठा तुटायला आलाय," ती म्हणाली. "वाटेत शिवून घे."

"घेतो. जुनं गाणं आणू नका मी नाही म्हणून."

"नाही आणणार."

"शनिवारी पाठवतो."

*

आणि पाठवायचा. शनिवारी दुपारी फोन थरथरायचा. नाव न सांगता एक गाणं, आणि मागोमाग आवाजातला एक निरोप. "ऐका आणि सांगा. मामांना आवडणार नाही." संध्याकाळी तिघांच्या जागा एकत्र करून चालवाली त्याला उलटा निरोप पाठवायची. त्यावर त्याचं आणखी थोडं बोलणं यायचं. आठवड्यातून तिला त्याचा आवाज मिळायचा तो एवढाच. बाकीचे सहा दिवस ती तो पुरवून वापरायची.

वर्ष झालं. "थांबायला सांगतायत," तो म्हणाला. "नवं पाऊल करतोय. ते झालं की." दुसरं वर्ष लागलं. मधल्या खोलीतली चौथी खुर्ची तशीच असायची. मामा तिच्यावर साचे सोलायचा चाकू ठेवायचा आणि शनिवारी आठवणीने उचलायचा.

मग त्याच्या गाण्यांतून ताल गेला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. एका शनिवारी नुसतं व्हायोलिन. पुढच्या शनिवारी कुणीतरी रिकाम्या सभागृहात गुणगुणतंय. नंतर पाण्यासारखं काहीतरी, ज्याला सुरुवातही नाही. बोलणंही बंद झालं. नुसतं लिहून यायचं, "हे ऐका." महिनोन् महिने असंच.

"ठेक्याला ठेका विटला की काय?" मामा म्हणाला.

"प्रेमात पडला असेल," काउंटर म्हणाली, आणि लगेच कप गोळा करायला लागली. त्या दिवशी कुणी जुनं गाणं आणलं नव्हतं, तरी तिने सगळ्यांचे विसळले.

चालवालीने लिहून विचारलं, कसा आहेस. उत्तर आलं, "कामाचा रेटा आहे." तिने त्या तीन शब्दांना चाल लावून पाहिली. लागली नाही.

*

ऐका:

ठक. ठप.

ठक. ठप.

पहिला आवाज कोरडा, नेमका. दुसरा जाड, आणि यायला हवा त्याच्या किंचित नंतर येणारा. दोघांच्या मागे खर्रर असं काहीतरी घासत जाणारं. लांबट खोलीसारखा घुमारा. मध्ये सगळं थांबतं. एक श्वास. मग परत ठक, ठप. शेवटी फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि संपलं.

त्याच्या आधी, कितीतरी महिन्यांनी, त्याचा आवाज: "ही या आठवड्याची चाल. डोळे मीट आणि सांग."

स्पीकर बादलीवर होता. तिघंही डोळे मिटून बसलेली.

"ठेका परत आला!" काउंटरने टाळीच वाजवली. "दोनच वाद्यं आहेत. एक लाकडी आणि एक रबरी काहीतरी."

"ते मागे खरखरतंय काय?" मामाने विचारलं.

"ब्रश असतो मामा. ड्रमवर काठीऐवजी ब्रश फिरवतात."

"असं होय. मला वाटलं, कुणीतरी भिंत पुसतंय."

"तुम्हाला सगळीकडे साफसफाईच दिसते."

"कुणीतरी करायला नको का? पण तो दुसरा ठोका चुकतोय बघ. उशिरा येतोय."

"चुकत नाही मामा," चालवाली म्हणाली. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. "रेंगाळतोय. त्याला यायचंय, पण लगेच नाही यायचंय. आणि मध्ये थांबतो ना, श्वास घेतो, तिथे माझी जागा आहे. परत सुरू होताना पहिल्यापासून नाही सुरू करत. जिथे सोडलं होतं तिथूनच."

"आणि शेवट खुर्चीने!" काउंटर म्हणाली. "शेवट खुर्चीने कोण करतं?"

"हा करतो," मामा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कौतुक होतं. तिघांचं एकमत झालं, जे कधी होत नसे. या आठवड्यातलं सगळ्यात चांगलं.

चालवालीने फोन तोंडाजवळ धरला. "ही तूच केलीस ना? नाव नाही सांगितलंस तरी कळलं. या आठवड्याची एक नंबर. दुसरा ठोका उशिरा पडतो, तीच गंमत आहे सगळी. मामा म्हणतो चूक आहे. कुणी कितीही सांगितलं ना, तरी तो दुरुस्त करू देऊ नकोस."

संध्याकाळी उत्तर आलं. आवाजात. एकच शब्द.

"बरं."

*

त्यानंतरचा शनिवार: काही आलं नाही.

त्यानंतरचा: काही आलं नाही. काउंटरने आणलेल्या गाण्यात एक बाई सतत "ये ना, ये ना" म्हणत होती. मामाने मध्येच बंद करायला सांगितलं.

त्यानंतरचा: मामाने त्याच्या तरुणपणचं गाणं आणलं. सरळ, लाज सोडून. गाणं संपल्यावर मामा उठला आणि स्वतःच कप विसळायला गेला.

चालवाली त्याचा "बरं" ऐकायची. आधी तिला वाटलं, खूश आहे. मग वाटलं, रागावलाय. शब्द एवढासा. त्यात जागा शोधायची तरी कुठे? तिने फोन केला, त्याने उचलला नाही. दोनदा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहून पुसलं.

आई म्हणाली, "हल्ली शनिवारीही आठी असते."

*

मग कंडक्टर आले.

बसमध्ये कंडक्टर होते, निवृत्त झालेले. आयुष्य हलत्या जमिनीवर गेलं, त्यामुळे न हलणाऱ्या जमिनीवर विश्वास नाही, असं ते स्वतःच म्हणाले. ठेक्याच्या जागी कुणी आलेलं नव्हतं. दुसऱ्या कार्यशाळेतून आठवड्यातून एकदा माणूस यायचा. त्याने पाय बसवून दिला आणि कंडक्टर फळीवर चढले.

"चला, पुढे चला, पुढे जागा आहे," ते स्वतःलाच म्हणाले आणि निघाले.

"दांडी सोडा काका," चालवाली म्हणाली.

काकांनी दांडी सोडली. आणि हळूच दुसरा हात भिंतीला लावला.

"आता परत या." तिने डोळे मिटले.

ठक. ठप. ठक. ठप. आणि मागे, भिंतीवरून तळहात घासत येतो तसं, खर्रर.

"थांबा."

"काय झालं? माझं काही चुकलं का?"

"नाही काका. परत एकदा जा. तसेच. भिंत धरूनच."

काका तसेच गेले. तसेच आले. मध्ये थांबले, श्वास घेतला, आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे.

चालवाली मधल्या खोलीत गेली, बादलीवरचा स्पीकर उचलून घेऊन आली आणि खाली वाकून फळीवर ठेवला. फोनमध्ये ते रेकॉर्डिंग शोधायला तिला वेळ लागला नाही. तिने ते इतक्या वेळा ऐकलं होतं.

फळी घुमली.

उजवा पाय. कृत्रिम, गुडघ्याखालून, गुडघा वाकल्याचं कळतंय. टाच उशिरा टेकतेय. पाय थोडा लांब आहे, म्हणून पावलाला पुढे यायला वेळ लागतो. सगळा भार डाव्यावर. पाय बसतो ती खोबणी सैल किंवा आत दुखतंय, कारण ठप झाल्यावर लगेच उचलतोय. कॉरिडॉर आहे. भिंत धरलीय. दमतो. थांबतो. आणि शेवटी, भिंत संपते तिथे, खुर्ची.

"हा माझ्यासारखाच दिसतो," कंडक्टरकाका दांडीला टेकून म्हणाले. "कोण आहे?"

मामा दारात उभा होता, कोपरापर्यंत प्लास्टर. ते धरायला लागलं होतं, बोटं पांढरी होऊन ताठत चालली होती, तरी तो हात धुवायला गेला नाही.

"भिंत पुसत नव्हता तर," मामा म्हणाला.

*

(इथे गाण्यात नुसती वाद्यं वाजतात आणि कुणी काही म्हणत नाही.)

*

फोन त्याने उचलला नाहीच. मग तिने निरोप ठेवला. रोज फळीच्या टोकावरून ओरडून सांगायची त्याच आवाजात.

"उजवी टाच उशिरा. पाय लांब आहे, कमी करायला लाव. खोबणीत दुखतंय ते लपवू नकोस. डाव्यावर रेलू नकोस. आणि भिंत सोड."

मग थांबली. रेकॉर्डिंग चालूच होतं. मागे काउंटर कुणाला तरी बाकावर बसायला सांगत होती, तेही त्यात गेलं.

"ठेक्या, भिंत सोड."

त्याचा फोन आला तेव्हा ती जिन्यात उभी होती, कारण आत सगळे तिच्याकडे बघत होते.

"उशीर केलास," तो म्हणाला. "किती आठवडे झाले!"

"कधी झालं?"

"झालं. कामावरून येताना, मागून गाडी आली. मी कडेनेच चाललो होतो."

"गुडघा?"

"आहे गुडघा. सगळे म्हणतात नशीबवान. पाय बनवणाऱ्याचाच पाय, त्यात गुडघा शाबूत. इथे कौतुक बघायला येतात लोक."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. डोळे मीट आणि सांग म्हटलं."

"तू चाल म्हणालास!"

"चालच होती."

पलीकडे कुणाची तरी पावलं गेली, दोन्ही सारखी. ती लांब जाईपर्यंत दोघांनी ऐकली.

"इथल्यांना येत नाही असं नाही," तो म्हणाला. "पण ते मशीनवर बघतात. आलेख काढतात. स्वतःची चाल स्वतःला ऐकू येत नाही गं. मला वाटलं, तू ऐकशील आणि ओरडशील. मग मला कळेल, नक्की काय बिघडलंय. आणि तुला काय झालंय ते आपोआप कळेल. मला सांगायला लागणार नाही."

"आणि मी..."

"तू म्हणालीस, एक नंबर."

तिने डोकं भिंतीला टेकवलं. जिन्याची भिंत गार होती.

"रोज विचारतात मला," तो म्हणाला, "पाय जरा कमी करायचा का. मी म्हणतो, नको, असू दे. आमच्या घरच्या लोकांना असाच पसंत पडलाय."

"मूर्खा! जखम होईल!"

"झालीय."

ती रडते आहे हे त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तिने फोन लांब धरला. पण तोही कान लावून काम केलेला माणूस.

"मी खोटं नव्हते बोलले," ती शेवटी म्हणाली. "चांगलीच होती ती. तिघांना आवडली. मामासुद्धा."

"माहितीय. म्हणून तर राग आला. खोटं असतं तर बरं होतं."

"उद्या जा आणि कमी करून घे."

"मग ती गंमत जाईल."

"जाऊ दे."

"मग तुला नाही आवडणार."

"ठेक्या," ती म्हणाली, "मला दर आठवड्याला नवी लागते. जुनी पाठवलीस तर कप विसळायला लागतील. इथे येऊन."

मग, लांबून, फोन ठेवला होता त्या टेबलावर बोटांनी ताल धरल्याचा आवाज आला. बोटंही थोडी उशिरा पडत होती.

*

आता शनिवारी रेकॉर्डिंग येतं. कॉरिडॉर तोच. कधी जवळून, कधी लांबून.

तिघं दोनदा ऐकतात. आधी बादलीवर, मग फळीवर. मधल्या खोलीत जागा सांगायच्या, मागच्या खोलीत चुका. ठेक्याचा नियम त्यांनी असा निम्मा मोडला आणि निम्मा पाळला. एका आठवड्यात जखम भरायची म्हणून पाय काढून ठेवला होता, तेव्हा नुसत्या कुबड्या आल्या. काउंटरने त्याला "शांत आवृत्ती" म्हटलं. एका आठवड्यात टाच वेळेवर आली आणि मामा म्हणाला, "अरे वा, आता गाणं झालं," आणि ठेक्याने उलट कळवलं, "मामांना आता कशालाही आवडतं म्हणायची सवय लागलीय." एका आठवड्यात खर्रर नव्हतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नव्हतं. चालवालीने तो भाग परत लावला, परत लावला. ब्रश गेला होता. नुसते दोन ठोके, मोकळ्या जागेत, कशालाही न धरता.

"जागा?" काउंटरने विचारलं.

"सगळी," चालवाली म्हणाली.

कंडक्टरकाका आता पुढच्या बाकावर येऊन बसतात. त्यांना चौथी खुर्ची देऊ केली तर नको म्हणाले. "ती राखीव दिसतेय."

ठक आणि ठप दर आठवड्याला एकमेकांच्या थोडे जवळ येतात. चालवालीला सांगण्यासारखं कमी कमी होत चाललंय. टाच बरोबर. लांबी बरोबर. भार, जवळजवळ बरोबर. एक दिवस ते दोन्ही सारखे वाजतील, आणि त्या दिवशी तिला काहीच दुरुस्ती सांगता येणार नाही. मग तो काय पाठवेल, याचा विचार ती शुक्रवारी करते. शनिवारी करत नाही.

येणार का, हे तिने विचारलेलं नाही. त्याने मात्र परवा विचारलं, तुमच्याकडची लिफ्ट सुधारली का.

"आधी नाही म्हणते, मग हो."

"आणि जिन्याला दांडी कुठल्या बाजूला आहे? मला आठवत नाही."

"उजव्या," ती म्हणाली. आणि फोन ठेवल्यावर जाऊन बघून आली. उजव्याच बाजूला होती, उतरताना. चढताना डाव्या. तिने त्याला तेही कळवलं.

शनिवारी सगळे गेल्यावर पुढचं दार ती लावत नाही. ओढून ठेवते नुसतं. का, ते काउंटर विचारत नाही. मागच्या खोलीत जाऊन ती फळीच्या टोकाला बसते, डोळे मिटते, आणि जिन्यातून येणारे आवाज ऐकते. वरच्या मजल्यावरचे शिकवणीचे मास्तर. खालच्या दुकानातला माणूस, ज्याचा बूट वाजतो. पिशवी प्रत्येक पायरीवर टेकवणारी कुणीतरी आजी. सगळे जातात. मग ती उठते, मामाचा चाकू चौथ्या खुर्चीवरून उचलून जागेवर ठेवते आणि घरी जाते.

आई विचारते, "काय होतं या आठवड्याला?"

"नवी चाल होती."

"चांगली?"

"येतेय," ती म्हणते.

*

तो दुसऱ्या शहरात गेला त्या दुपारी लिफ्टचं दार लागेना, म्हणून तो जिन्याने उतरला, आणि त्याची दोन्ही पावलं सारखी वाजत होती.